कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे किंवा हॉटेलकडे नेमके कधी वळवावेत?

वाटसरू (धागालेखक)

नमस्कार. क्रेडिट कार्डावर जमलेले रिवॉर्ड पॉइंट एअरलाइनच्या किंवा हॉटेलच्या लॉयल्टी प्रोग्रॅममध्ये वळवता येतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. ते कधी वळवावेत आणि कधी मुळीच वळवू नयेत, याबद्दल मात्र बँकेच्या पानावर काही लिहिलेले नसते. तिथे पार्टनरची यादी असते, प्रत्येकासमोर एक गुणोत्तर असते आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते की, एकदा केलेले ट्रान्सफर रद्द होणार नाही किंवा उलट फिरवता येणार नाही. माझ्या मते या विषयाची सगळी मेख त्या बारीक ओळीत आहे.

बँकेकडे असलेला पॉइंट दहा-पंधरा ठिकाणी जाऊ शकतो. तो एखाद्या एअरलाइनच्या खात्यात पडला, की त्या एकाच प्रोग्रॅमचे नियम, त्या प्रोग्रॅमची मुदत आणि त्या प्रोग्रॅमने उद्या केलेली दरवाढ, हे सगळे त्याच्या वाट्याला येते. म्हणून मी एकच क्रम पाळतो आणि इतरांनाही तोच सुचवतो : आधी सीट किंवा खोली डोळ्यांनी पाहावी, मगच पॉइंट हलवावेत. पॉइंटची किंमत पॉइंटमध्ये नसते, ती त्या तारखेला त्या मार्गावर मिळणाऱ्या त्या विशिष्ट सीटमध्ये असते. सीट हाती नसताना केलेले ट्रान्सफर म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य फुकट देऊन टाकणे आहे.

प्रत्यक्षात हे असे होते. पार्टनर प्रोग्रॅममध्ये खाते आधीच उघडून ठेवावे, कारण नवीन खाते काही ठिकाणी लगेच बँकेशी जोडले जात नाही. मग त्या प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तारीख शोधावी, सीट निवडावी, प्रवाशाचे नाव भरावे आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जावे. त्या पानावर दोन आकडे दिसतात, किती माइल्स (एअरलाइनचे पॉइंट) लागतील आणि करापोटी रोख किती भरायचे आहे. हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि त्यानंतरच बँकेच्या पानावर जाऊन तेवढेच पॉइंट पाठवावेत. बहुतेक बँकांत पॉइंट १,००० च्या पटीत जातात, त्यामुळे वर थोडे उरतात. ते उरलेले पॉइंट पार्टनरच्या खात्यात पडून राहतात, हेही लक्षात असू द्यावे.

आपले अनुभव आणि मतभेद जरूर लिहावेत. विशेषतः हॉटेलांबद्दल जाणकारांनी लिहावे, माझा भर एअरलाइनवर अधिक आहे.

हिशेबनीस

धागा चांगला आहे. सीट दिसल्यानंतरही ट्रान्सफर करावे की नाही हा प्रश्न उरतोच, म्हणून त्याच्या हिशेबाची भर घालतो.

समजा, एका तिकिटाची रोख किंमत ६०० आहे (चलन कोणतेही घ्या), आणि तेच तिकीट २५,००० माइल्स अधिक १०० कर भरून मिळते. येथे २५,००० माइल्सनी वाचवले ५००, ६०० नव्हे. म्हणजे दर माइलला ०.०२ मिळाले. तेच पॉइंट बँकेने थेट बिलात वळते केले असते तर दर पॉइंटला ०.०१ मिळाले असते असे धरले, तर ट्रान्सफर दुप्पट फायद्याचे ठरते. पण कर १०० ऐवजी ३५० असेल तर बचत २५० उरते, दर थेट ०.०१ वर येतो आणि मग एवढ्या खटाटोपाला काही अर्थ उरत नाही.

या हिशेबात लोक दोन ठिकाणी स्वतःची फसगत करून घेतात. पहिले म्हणजे ज्या बिझनेस क्लासच्या तिकिटासाठी आपण रोख पैसे कधीच मोजले नसते, त्याची छापील किंमत धरून ‘दर पॉइंटला एवढे मिळाले’ असे सांगितले जाते. आपण त्या प्रवासासाठी खरोखर जेवढे पैसे द्यायला तयार होतो, तो आकडा धरला पाहिजे. दुसरे म्हणजे रोखीने काढलेल्या तिकिटावर नवे माइल्स मिळतात आणि अवॉर्ड तिकिटावर (माइल्स देऊन काढलेल्या) सहसा मिळत नाहीत, ही वजाबाकी विसरली जाते. फरक थोडका असतो, पण दर काठावर असेल तेव्हा तोच निर्णय फिरवतो.

नवखा प्रवासी

वाटसरू आणि हिशेबनीस, दोघांचेही आभार. माझा प्रश्न अगदी ताजा आहे. माझ्या बँकेने कळवले आहे की एका एअरलाइनकडे पॉइंट वळवल्यास महिनाअखेरपर्यंत ३० टक्के बोनस मिळेल. माझ्या मनात अजून कोणताही ठरलेला प्रवास नाही, पण पुढच्या वर्षी आम्हा दोघांना लांबचा प्रवास करायचा आहे. एवढा बोनस सोडून देणे जिवावर येते. वळवून ठेवावेत का?

वाटसरू

नवखा प्रवासी, सरळ उत्तर द्यायचे तर नाही. पण कारण सांगितले पाहिजे, कारण बोनस ही खरोखर चांगली गोष्ट आहे आणि योग्य वेळी तो घेतलाच पाहिजे.

३० टक्के बोनसमुळे २०,००० पॉइंटचे २६,००० माइल्स होतात. म्हणजे २५,००० माइल्सचे तिकीट २०,००० पॉइंटमध्ये पडते आणि १,००० माइल्स खात्यात उरतात. आज सीट समोर असेल तर ही निव्वळ कमाई आहे. सीट नसेल, तर तुम्ही एका अंदाजावर पॉइंट लावत आहात, आणि तो अंदाज असा की, पुढच्या वर्षीही हे तिकीट २५,००० माइल्सनाच मिळेल. हे गृहीत धरण्याजोगे राहिलेले नाही. पूर्वी बहुतेक प्रोग्रॅम अवॉर्ड चार्ट छापत असत. कुठून कुठे जायला किती माइल्स, हे त्यात ठरलेले असे. डेल्टाने २०१५ साली आपला चार्ट काढून टाकला, युनायटेडने २०१९ साली, मॅरियटने हॉटेलांसाठी २०२२ साली, आणि व्हर्जिन अटलांटिकने २०२४ साली स्वतःच्या विमानांचे अवॉर्ड मागणीप्रमाणे बदलणाऱ्या दरांवर नेले. चार्ट नसला की दरवाढ जाहीर करण्याचेही कारण उरत नाही. एके दिवशी शोध घेतला की आकडा मोठा दिसतो, एवढेच. तुमच्या ३० टक्क्यांचा बोनस अशा एका बदलात निघून जाऊ शकतो, आणि तोवर पॉइंट परत बँकेत आणण्याचा रस्ता बंद झालेला असतो.

शिवाय बहुतेक बोनस पुन्हा येतात. तोच पार्टनर नसला तरी त्याच युतीतला (एअरलाइनच्या गटातला) दुसरा येतो. महिनाअखेरची तारीख घाई व्हावी म्हणूनच छापलेली असते. तुमच्याकडे अजून दिवस आहेत, तेव्हा ते शोधात घालवा. पुढच्या वर्षीच्या तारखा आता उघडलेल्या असतील तर सीट सापडेलही, आणि मग बोनससह वळवण्यात काहीच हरकत नाही.

क्षितिजरेषा

वाटसरू यांच्या नियमाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘आधी सीट, मग ट्रान्सफर’ हे सूत्र सगळीकडे चालत नाही, आणि जिथे चालत नाही तिथे ते पाळणाऱ्याचे नुकसान होते.

ट्रान्सफरचा वेग सगळीकडे सारखा नसतो. एअर कॅनडाचे एरोप्लॅन किंवा एअर फ्रान्स-केएलएमचे फ्लाइंग ब्लू यांच्याकडे अनेक बँकांतून पॉइंट काही मिनिटांत पोहोचतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरकडे जायला काही तासांपासून काही दिवस लागू शकतात. जपानच्या एएनएकडे साधारणतः दोन-तीन दिवस जातात. मॅरियटकडून एअरलाइनकडे निघालेले पॉइंट त्याहूनही सावकाश चालतात. आता लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासची सीट सकाळी उघडली आणि संध्याकाळी गेली, असे सर्रास घडते. अशा वेळी दोन दिवसांनी पोहोचणारे माइल्स घेऊन करायचे काय?

म्हणून माझे म्हणणे असे : पार्टनर मंदगती असेल, मार्ग आणि तारीख ठरलेली असेल, आणि त्या एअरलाइनच्या सीट केव्हा उघडतात हे आपण आधी काही आठवडे रोज पाहून ताडून घेतले असेल, तर पॉइंट आधी वळवणे हे धाडस नसून तयारी आहे. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स आपल्या सीट उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी उघडतात. ती तारीख आपल्याला मोजून काढता येते, आणि त्या दिवशी माइल्स खात्यात असलेला माणूस आणि माइल्स वाटेत असलेला माणूस यांच्यात पहिल्यालाच सीट मिळणार.

आणखी एक मुद्दा. सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या बिझनेस आणि फर्स्ट क्लासच्या सेव्हर (म्हणजे कमी माइल्सच्या) सीट बहुतेक करून स्वतःच्या सभासदांसाठीच राखते. स्टार अलायन्स या तिच्या युतीतल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या दिसतच नाहीत. अशी सीट हवी असेल तर क्रिसफ्लायरखेरीज दार नाही. मग ‘पॉइंट बँकेत ठेवले की निवड शाबूत राहते’ हा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो, कारण निवड मुळात एकच असते.

वाटसरू

क्षितिजरेषा, मंदगती पार्टनरचा मुद्दा मान्य. फक्त एक पथ्य सुचवतो : असे आगाऊ ट्रान्सफर करताना मनातला प्रवास फिसकटला तर त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरा कोणता प्रवास करता येईल, याचे उत्तर आधी तयार असावे. उत्तर नसेल तर थांबावे. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून ३ वर्षांनी संपतात, खात्यात हालचाल असो वा नसो. तेव्हा तिथे मुदतीचे घड्याळ ट्रान्सफरच्या दिवसापासूनच चालू होते.

काही एअरलाइन फोनवर अवॉर्ड सीट एक-दोन दिवस धरून ठेवतात. ट्रान्सफर मंद असेल तर आधी फोन करून ही सोय आहे का ते विचारावे. संकेतस्थळावर ती बहुधा दिसत नाही.

हिशेबनीस

सरचार्जबद्दल (एअरलाइन तिकिटावर स्वतः लावते त्या जादा आकाराबद्दल) लिहायचे राहिले होते, ते आता सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते नवीन माणसाचे सर्वांत जास्त पैसे इथेच जातात.

स्टार अलायन्स १९९७ साली, वनवर्ल्ड १९९९ साली आणि स्कायटीम २००० साली सुरू झाली. या युत्यांमुळे एका एअरलाइनच्या माइल्सवर दुसऱ्या एअरलाइनची सीट काढता येते. याचा अर्थ असा की लुफ्तान्साच्या एकाच विमानातली एकच सीट तुम्हाला लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमधूनही मिळू शकते आणि एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमधूनही. माइल्सचा आकडा वेगळा असतो, हे लोकांना अपेक्षित असते. पण रोख भरायची रक्कमही वेगळी असते, आणि फरक किरकोळ नसतो. माइल्स अँड मोअर एअरलाइनने लावलेला सरचार्ज प्रवाशाकडून घेते. एरोप्लॅन तो लावत नाही, फक्त सरकारी कर आणि पार्टनर बुकिंगचे लहानसे शुल्क घेते. सीट तीच, जेवण तेच, उशी तीच. शिवाय एरोप्लॅनमध्ये एका दिशेच्या तिकिटावर ५,००० पॉइंट जास्त देऊन वाटेत काही दिवस मुक्कामही करता येतो.

उलट, ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्या लांब पल्ल्याच्या विमानांवर, विशेषतः वरच्या वर्गात, सरचार्ज इतका जड असतो की माझ्या वरच्या हिशेबातला दर निम्म्यावर येऊ शकतो. त्यात ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवासावर तिथल्या सरकारचा प्रवासी कर लागतो, आणि तो लांबच्या प्रवासाला व वरच्या वर्गाला अधिक असतो. हा कर निघण्यावर आहे, पोहोचण्यावर नाही. म्हणून जाताना तिथे उतरणे आणि परतताना दुसऱ्या देशातून निघणे, अशी आखणी पुष्कळ लोक करतात. सरचार्ज आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र ध्यानात ठेवावे. कर कोणत्याही प्रोग्रॅममधून गेलात तरी चुकत नाही. सरचार्ज प्रोग्रॅम बदलला की कमी होऊ शकतो.

एव्हिऑसची गंमत निराळी आहे. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, कतार एअरवेज (२०२२ पासून) आणि फिनएअर (२०२४ पासून) या सगळ्यांचे चलन एव्हिऑसच आहे, आणि आपल्याच दोन खात्यांमध्ये ते एकास एक या दराने हलवता येते. म्हणजे बँकेतून कोणत्याही एका ठिकाणी पॉइंट पाठवले तरी पुढे काही दारे उघडी राहतात. नाव, जन्मतारीख आणि ईमेल दोन्ही खात्यांत तंतोतंत सारखे हवे, नाहीतर खाती जोडलीच जात नाहीत. क्षितिजरेषा म्हणतात तसे आगाऊ वळवणे कुणाला करायचेच असेल, तर मी एव्हिऑसला झुकते माप देईन.

मुक्कामी

वाटसरू यांनी हॉटेलांविषयी लिहायला सांगितले म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, गुणोत्तराच्या आकड्यावर जाऊ नये. एक हॉटेल प्रोग्रॅम १ ला १ देतो आणि दुसरा १ ला २ देतो, म्हणून दुसरा दुप्पट चांगला, असे मुळीच नाही. हॉटेलांचे पॉइंट एकमेकांच्या बरोबरीचे नसतात. एका साखळीत चांगली खोली १५,००० पॉइंटला मिळते, दुसऱ्या साखळीत तशाच खोलीला ५०,००० पडतात. हयात आणि हिल्टन यांचे पॉइंट शेजारी ठेवून पाहिले की हे लगेच कळते. म्हणून हिशेब नेहमी ‘या रात्रीसाठी बँकेचे किती पॉइंट गेले’ असाच करावा.

दुसरी गोष्ट, एअरलाइनच्या मानाने हॉटेलात ट्रान्सफरचा फायदा कमी वेळा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या दिवसांत रोख दर चढलेले असतात पण पॉइंटचा दर त्या मानाने चढलेला नसतो, तिथेच खरा लाभ असतो. चार्ट असलेल्या प्रोग्रॅममध्ये हे घडते, कारण पॉइंटच्या दराला वरची मर्यादा असते. जिथे पॉइंटचा दर रोख दराच्या मागोमाग चढतो, तिथे सणासुदीच्या किंवा मोठ्या परिषदेच्या दिवसांतही हाती फारसे लागत नाही.

मॅरियटमध्ये पॉइंटवर सलग ५ रात्री घेतल्या की त्यांतली सर्वांत स्वस्त रात्र मोफत मिळते. रोज ४०,००० धरले तर २,००,००० ऐवजी १,६०,००० लागतात. हिल्टनमध्येही पाचवी रात्र मोफत असते, पण त्यासाठी सभासदत्वाचा सिल्व्हर किंवा त्यावरचा दर्जा लागतो. चार रात्रींचा मुक्काम ठरवत असाल तर पाचवी रात्र जोडून पाहावी, पॉइंट तेवढेच लागतील. रिसॉर्ट शुल्क (काही हॉटेले खोलीच्या दरावर वेगळे लावतात ते) हीसुद्धा पाहण्याची गोष्ट आहे : हयात आणि हिल्टन संपूर्ण पॉइंटवर घेतलेल्या मुक्कामात ते घेत नाहीत, मॅरियटमध्ये ते बहुधा भरावे लागते. जिथे हे शुल्क रोजचे असते तिथे ‘मोफत’ मुक्कामाचे बिल पाहून धक्का बसतो.

तिसरी गोष्ट, कृपा करून बँकेचे पॉइंट हॉटेलमार्गे एअरलाइनकडे पाठवू नका. मॅरियटचे ३ पॉइंट बहुतेक एअरलाइनकडे १ माइल होतात, आणि ६०,००० एकदम पाठवल्यास ५,००० माइल्स वर मिळतात, म्हणजे एकूण २५,०००. तेच ६०,००० बँकेतून १ ला १ या दराने थेट एअरलाइनकडे गेले असते तर ६०,००० माइल्स झाले असते. हा मार्ग फक्त त्यांच्यासाठी आहे, ज्यांचे पॉइंट मुळातच हॉटेलात राहून जमले आहेत आणि ज्यांना हव्या त्या एअरलाइनशी कोणत्याही बँकेचा संबंध नाही.

नवखा प्रवासी

फार उपयोगी माहिती मिळते आहे. अजून दोन शंका. तिकीट रद्द करावे लागले तर पॉइंट बँकेत परत येतात का? आणि पत्नीच्या नावाचे माइल्स खाते आहे, त्यात माझ्या कार्डाचे पॉइंट पाठवता येतील का? दोघांचे माइल्स एकत्र झाले तर दोन तिकिटे निघतील.

क्षितिजरेषा

पहिल्या शंकेचे उत्तर, नाही. रद्द केलेल्या तिकिटाचे माइल्स एअरलाइनच्या खात्यात परततात, बँकेत नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी रद्द करण्याचे शुल्कही लागते. हॉटेलांचेही तसेच आहे, फक्त तिथे मुदतीत रद्द केल्यास सहसा शुल्क नसते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर बँकेनुसार बदलते. काही बँका फक्त कार्डधारकाच्या स्वतःच्या खात्यात पॉइंट पाठवू देतात, काही बँका पूरक कार्ड असलेल्या घरच्या माणसाच्या खात्यातही देतात. नाव जुळले नाही तर ट्रान्सफर अडकते, आणि अडकलेले पॉइंट सोडवायला फोनवर तासन् तास जातात. लग्नानंतर बदललेले नाव, वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असल्या गोष्टी आपल्याकडच्या नावांत हमखास आड येतात. पहिल्या ट्रान्सफरच्या आधी दोन्ही खात्यांतले नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे.

पण मुळात तसे करण्याची गरजच बहुधा नसते. आपल्या खात्यातल्या माइल्सवर दुसऱ्या कुणाचेही तिकीट काढता येते, असा बहुतेक प्रोग्रॅमचा नियम आहे. अपवाद माहीत असावेत : क्रिसफ्लायरमध्ये ज्यांच्यासाठी तिकीट काढायचे त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात आणि ती ५ पर्यंतच असतात, एएनए फक्त ठरावीक नात्यांतल्या लोकांसाठीच तिकीट देते. फ्लाइंग ब्लू, एरोप्लॅन आणि ब्रिटिश एअरवेज यांच्याकडे कुटुंबाने माइल्स एकत्र करण्याची सोय आहे. हयात तर एका सभासदाचे पॉइंट दुसऱ्याला विनाशुल्क देऊ देते. तेव्हा दोघांच्या पॉइंटची बेरीज प्रोग्रॅमच्या बाजूला करावी, बँकेच्या बाजूला नाही.

सावध वाचक

या धाग्यात एक गोष्ट गृहीत धरली जात आहे, ती म्हणजे बँकेतले पॉइंट सुरक्षित असतात. वाटसरू यांच्याबद्दल आदर राखून म्हणतो की हे अर्धसत्य आहे.

बँकेचे पार्टनरही जातात आणि गुणोत्तरेही बदलतात. अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेसचे पॉइंट हवाइयन एअरलाइन्सकडे पाठवण्याची सोय जून २०२५ अखेर बंद झाली. एमिरेट्सकडे १ ला १ जाणारे पॉइंट त्याच वर्षी १,००० ला ८०० झाले. कुणी एमिरेट्सच्या प्रवासासाठीच वर्षानुवर्षे पॉइंट साठवत असेल, तर त्याच्या साठ्याचा पाचवा हिस्सा बँकेत स्वस्थ बसल्या जागी गेला. कार्ड बंद केले की बँकेतले पॉइंटही अनेकदा लगेच जातात, हे वेगळेच.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे एअर बर्लिन. ऑगस्ट २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, पाठोपाठ तिचा टॉपबोनस हा प्रोग्रॅमही गेला, आणि सभासदांचे माइल्स मातीमोल झाले. तेव्हा धोका दोन्हीकडे आहे. माझा निष्कर्ष असा की पॉइंट साठवण्याची वस्तू नाही. जमले की वर्ष-दोन वर्षांत वापरावेत, आणि योग्य सीट सापडत नसेल तर कमी दराने का होईना, बिलात वळते करून मोकळे व्हावे.

वाटसरू

सावध वाचक, साठवून ठेवू नये हे शंभर टक्के मान्य. मी बँकेत ठेवा म्हणतो ते सीट सापडेपर्यंत, कायमचे नव्हे. मात्र दोन धोक्यांच्या वजनात फरक आहे. बँकेने गुणोत्तर बदलायचे ठरवले तर ती सहसा काही आठवडे आधी कळवते, आणि तेवढ्या वेळात जुन्या दराने पॉइंट हलवता येतात. चार्ट नसलेली एअरलाइन कळवत नाही. कमी दराने बिलात वळते करण्याच्या सल्ल्याशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. ज्याला प्रवासाच्या तारखा पुढेमागे करता येत नाहीत, शाळेच्या सुट्टीतच जावे लागते, त्याने ते जरूर करावे. अशा माणसाला सेव्हर सीट सापडणे खरोखर कठीण असते आणि त्यासाठी जीव आटवण्यात अर्थ नाही.

आता एका गोष्टीबद्दल सावध करतो, कारण सीट पाहूनच ट्रान्सफर करा असे मीच लिहिले आहे. कधी कधी दिसणारी सीट खरी नसते. एका प्रोग्रॅमच्या पानावर पार्टनर एअरलाइनची सीट दिसते, निवडता येते, नावही भरता येते, आणि शेवटचे बटण दाबले की ‘ही सीट आता उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. दुसऱ्या दिवशी तीच सीट पुन्हा दिसते आणि पुन्हा तसेच होते. प्रोग्रॅमने जपून ठेवलेली जुनी माहिती आणि एअरलाइनकडची ताजी स्थिती यांच्यात मेळ नसला की असे घडते. यावर उपाय म्हणजे तीच सीट त्याच युतीतल्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या पानावर शोधून पाहणे. तिथेही दिसली तर ती बहुतेक खरी असते. तरीही शंका वाटली तर प्रोग्रॅमला फोन करून उड्डाण क्रमांक, तारीख आणि वर्ग सांगावा, आणि त्यांच्या पडद्यावर सीट दिसते का ते विचारावे. खात्यात माइल्स नसले तरी एवढे ते सांगतात.

नवखा प्रवासी

सर्वांचे प्रतिसाद वाचून कामाला लागलो. बोनस असलेल्या त्याच प्रोग्रॅममध्ये पुढच्या वर्षीची एक तारीख सापडली आहे. कर माफक आहे, हिशेबनीस यांच्या पद्धतीने दर चांगला येतो, आणि त्याच युतीतल्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही सीट दिसते आहे. अडचण एकच आहे. एका प्रवाशासाठी शोधले तर सीट दिसते, दोघांसाठी शोधले तर काहीच दिसत नाही. बोनसचे चार दिवस उरले आहेत. एक तिकीट आत्ता काढून दुसऱ्या सीटची वाट पाहावी का?

हिशेबनीस

त्या तारखेच्या आगेमागे तीन-तीन दिवस दोघांसाठी शोधून पाहा, आणि एक थांबा असलेले मार्गही पाहा. थेट उड्डाणापेक्षा तिथे दोन सीट एकत्र मिळण्याची शक्यता जास्त असते. तसे काही मिळाले नाही, तर तिकीट रद्द करण्याचे शुल्क किती आहे ते पाहून ठरवा. शुल्क थोडे असेल तर एक तिकीट आत्ता काढून ठेवावे, पण पॉइंट एकाच तिकिटापुरते पाठवावेत. दुसऱ्या तिकिटाचे पॉइंट बोनसच्या मोहाने सोबत पाठवू नयेत. दुसरी सीट पुढे दुसऱ्याच प्रोग्रॅममधून स्वस्त दिसू शकते, आणि एकाच विमानातली दोन तिकिटे दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून काढायला काहीच आडकाठी नाही. तसे झाल्यास दोन्ही बुकिंग क्रमांक एअरलाइनला फोन करून एकमेकांशी जोडून घ्यायला सांगा, म्हणजे उड्डाणाची वेळ बदलली तर दोघांना एकत्रच दुसऱ्या विमानात बसवावे, ही नोंद त्यांच्याकडे राहते.

मुक्कामी

आणि परतीच्या प्रवासाची सीट शोधल्याशिवाय जाण्याचे तिकीट काढू नका. जाण्याच्या सीट सापडतात, परतीच्या सुट्टीअखेरच्या असल्या तर सापडत नाहीत. परतीची दोन तिकिटे रोखीने काढावी लागली तर एकूण हिशेब काय होतो, तेवढा आकडा आजच मांडून पाहा.